चौथी परटीण
मिसुरी नदीच्या वरच्या अंगाला, पलटणीच्या लाकडी ठाण्यावर, ओनोरा टूही अकरा वर्षं कपडे धूत होती. राखेचं पाणी आणि चरबी कढवून साबणही स्वतःच करायची. आपल्याइतकी सुखी बाई या मुलखात नाही, असं ती ज्याला त्याला ऐकवायची, आणि ते खरंही होतं.

नियम असा, की दर तुकडीला चार परटिणी, त्यांना शिधा आणि खोपटं. मात्र प्रत्येकीचा नवरा त्याच ठाण्यावर शिपाई हवा. फेब्रुवारीत तिचा मॉर्टी तापानं गेला. आता एक तर दुसरा दादला, नाहीतर बर्फ वितळल्यावर पहिल्या होडीनं रवानगी.

दफनाच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारा सार्जंट बॅबकॉक टोपी हातात घेऊन दारात उभा.

"मावशी, माझ्याशी लग्न कर. माझा काही त्रास नाही बघ."

"मावशी म्हणतोस आणि लग्नाचं विचारतोस? मेल्या, आधी त्या मोज्यांचा वास घालव!"

तो गेल्यावर ती पोटभर रडली. टेकडीवर पुरलेल्या मॉर्टीला एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

नवे कॅप्टन पेल्टन नियमाचे पक्के. त्यांनी तिचं नाव खोडलं आणि तिच्या जागी एका शिपायाची कोवळी बायको, लवीना, नेमली. त्या पोरीनं हौसेनं लोकरी विजारी चक्क उकळल्या. रविवारच्या तपासणीला विजारी आटून अख्खी तुकडी पोटऱ्या दाखवत उभी, आणि त्यात खुद्द कॅप्टनसाहेब!

होडी धक्क्याला लागलेली असतानाही ओनोरा बोचकं ठेवून लवीनाकडे गेली. "रडू नको गं. पहिल्या वर्षी मीही हाच घोळ घातला होता. लोकर कोमट पाण्यात, बाळे."

तेवढ्यात कॅप्टन आले, मागे बॅबकॉक. "बाई, हिला मी इस्पितळात कामाला लावतो. तुम्हाला ठेवलंही असतं, पण हजेरीपटात नवऱ्याचं नाव लागतं."

"मग लिहा की. मॉर्टी टूही."

"तो वारला."

"वारला, पण ठाणं सोडून गेलाय का? तो काय, टेकडीवर आहे. उद्या तुमची बदली होईल, साहेब. त्याची नाही व्हायची."

बॅबकॉक खोकला. कॅप्टननी टेकडीकडे पाहिलं. मग त्यांनी हजेरीपट मागवला आणि तिच्या नावापुढे लिहिलं: नवरा मॉर्टी टूही, हजर.