पाय टेकवू नका, फोन करा

कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटच्या घरात आजारी असं कुणी पडायचंच नाही. माणसं एकदम जायची. कारण आजाराचं नावच घरात काढायचं नाही! वास्तू 'तथास्तु' म्हणते, हा आईचा पक्का विश्वास. थोरल्या काकांचा पाय साखरेपायी गुडघ्यापासून कापला, तेव्हासुद्धा ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "काही नाही हो, पायाचं जरा काम होतं."

त्यामुळे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मधुमेह निघाला तो घरात 'जरा गोड वर्ज्य' एवढाच निघाला. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. म्हणून तिथल्या सिस्टरनी एक सोय काढली. दर आठवड्याला त्या घरी फोन करायच्या. साखर किती, इन्शुलिन किती घेतलं, पाय कसे आहेत, सगळं विचारायच्या आणि काय बदल करायचा ते सांगायच्या. फार चांगली सोय. फक्त आमच्या घरात ती चालणं शक्य नव्हतं!

"अण्णा, चक्कर वगैरे?"

"छे छे!"

"पायाला जखम?"

आईनं समोरून डोळे वटारले.

"सगळं चेन्नागिदे, सिस्टर! एकदम छान!" अण्णा रिसीव्हरमध्ये ओरडले. (फोन कितीही जवळचा असो, अण्णा दिल्लीला ऐकू जाईल असंच बोलायचे.)

त्या वेळी त्यांच्या डाव्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागून चांगलं भोक पडलेलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. मला मोज्याला लागलेला पू दिसला. काकांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

"आई, सिस्टरना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं."

"अय्यो, या घरात? तोंडातून काढू नकोस!"

"मग कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून सांगतो. ती काही आपली वास्तू नाही."

आई विचारात पडली. "सरी, चालेल," ती म्हणाली, "तिथं बोल."

आपण किती हुशार, असं मला वाटलं. (आमच्या घराण्यात हे वाटायला फारसं काही लागत नाही.) बूथवरून मी सगळं सांगितलं. सिस्टर घाबरल्याच. दुखत नाही म्हटल्यावर तर जास्तच घाबरल्या. "डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तेव्हा अण्णांना घेऊनच या. तोवर गोळ्या सांगते त्या द्या. पाय जमिनीला अजिबात टेकवू देऊ नका. आणि रोज फोन करून जखमेचा रंग सांगा."

दुसऱ्या दिवशी मी बूथवर निघालो, तर अण्णा धोतर सावरत माझ्या पुढे!

"पाय माझा. बोलणार मी. तू मधला कोण?"

"अहो, पण पाय टेकवायचा नाही!"

"मग फोन करायला काय उडत जाऊ? स्वल्प तर लांब आहे."

मला कामावर जायला उशीर होत होता. मी फार हुज्जत घातली नाही.

झालं! अण्णा रोज भर बाजारातून चालत बूथवर जायचे, रांगेत उभे राहायचे आणि सिस्टर त्यांना सांगायच्या, "चालू नका, उभे राहू नका." अण्णा "हो सिस्टर" म्हणायचे आणि चालत परत यायचे. त्यात आईनं भर घातली. "तिथवर जाताच आहात तर मारुतीला प्रदक्षिणाही घालून या. पायासाठीच!" प्रदक्षिणा अर्थातच अनवाणी. रस्ता तापलेला.

शनिवारी फोन चालू असताना बूथला खेटून एक बस हॉर्न वाजवत गेली.

"अण्णा, घरात बस कुठून आली?"

"घरात कुठे? मी बूथवर आहे."

"बूथवर? आलात कसे?"

"चालत."

"चालत?"

"आता प्रदक्षिणा घालून घरी जातो," अण्णांनी माहिती पुरवली.

सिस्टरनी बूथवाल्याला फोन द्यायला सांगून त्याच्याकरवी अण्णांना तसंच रिक्षात घातलं आणि थेट मोठ्या इस्पितळात धाडलं; स्वतःही तिथं पोचल्या. संध्याकाळी अंगठा कापला. पाय वाचतो की नाही, हे दोन दिवस कुणी सांगेना. मी बाहेरच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. आई शेजारी बसली होती.

पाय वाचला. ते सांगायला सिस्टर स्वतः बाहेर आल्या. मी हात जोडले, तर त्या उखडल्याच.

"हात काय जोडता? रोजचा फोन तुम्ही का नाही केलात?"

"कामावर जायची घाई असायची, सिस्टर."

"कुठे काम करता?"

"बँकेत."

"मग बँकेत फोन नाही?"

होता की! माझ्याच टेबलावर होता. त्यावरूनच तर मी रोज घरी फोन करून विचारायचो, "अण्णा बूथवरून परत आले का?"