भाग्याचा टॅब, माझा आवाज

शेंगाचटणीच्या दुकानात डबे रिकामे होतात, किस्से मात्र साठतच जातात. ते किलोवर विकता आले असते, तर या वयात मुसळ कशाला उचललं असतं मी?

या किश्श्यांतली माणसं मोजकीच. मी आक्का. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचून आणि भांडून शिकले. दुकानावरची 'उखळात कुटलेली' ही पाटीसुद्धा मीच रंगवलीय. माझ्याकडं पॅकिंगला भाग्या, वय बावीस. तिला ऑटिझम आहे. तोंडानं बोलत नाही. टॅबवरची चित्रं दाबते, टॅब बोलतो. तिचा बाप मल्लिनाथ म्हणतो, "आक्का, ती नुसती खेळती. काय बी दाबती!" ती खरंच बोलते हे महिन्याभरात पटलं नाही, तर तो तिला गावी, वळसंगला नेऊन घरात बसवणार होता.

*

पहिल्या दिवशी टॅब म्हणाला, "कृपया मला पाणी देता का?"

मी म्हटलं, "ही कोण बाई? सोलापुरात असं पाणी मागंल तर तहानेनं मरंल!"

भाग्याची स्पीच थेरपिस्ट माधुरी म्हणाली, "मग आक्का, तुम्हीच द्या आवाज."

दोन दुपारी बसून शब्द भरले. पाणी, मीठ, लसूण, जास्त, बरोबर, नको, गप, आणि माझी चार ठसकेबाज वाक्यं.

"मिक्सर पण म्हणा," माधुरी म्हणाली. "तो आवाज तिला सहन होत नाही. सांगता आलं पाहिजे."

मी जरा अडखळले. पण म्हटलं.

तेव्हापासून दुकानात मी दोन!

*

मल्लिनाथला 'नको' खटकलं. "असलं शिकवू नका, आक्का. मग ती ऐकायची न्हाय."

"तुला कुणी शिकवलं होतं रे? तू तरी कुटं ऐकतोस!"

*

एका गिऱ्हाईक बाईनं भाग्याकडं बोट दाखवून मला विचारलं, "हिला कळतं का हो काही?"

मी पिशवी बांधत होते, तोंड बंद. तरी माझाच आवाज आला, "मलाच इचारा की!"

बाई माझ्या ओठांकडं बघतच राहिली. अर्धा किलो न्यायला आली होती, एक किलो घेऊन पळाली!

*

एकदा टॅबची बॅटरी संपली. मी भाग्यावर ओरडले, "हातानं खुणा कर की!"

माधुरी शांतपणे म्हणाली, "आक्का, तुमची कवळी काढून घेते, कडक भाकरी खा की!"

आता सकाळी आधी चार्जर, मग देवाचा दिवा.

*

माझ्या चटणीला नावं ठेवायची सासूचीसुद्धा छाती नव्हती. भाग्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली. "मीठ जास्त." तेही माझ्याच आवाजात!

मी चार डबे आदळले. मग हळूच चाखलं. जास्तच होतं. त्या दिवसापासून प्रत्येक घाणा आधी भाग्याच्या जिभेवर.

*

महिना संपला. मल्लिनाथ तिच्या कपड्यांची पिशवी भरूनच आला. दुकानात गर्दी. मी सकाळचा घाणा भाग्यापुढं ठेवला. "बघ रे आता, मल्लिनाथ!"

तिनं चाखलं. दाबलं. "मिक्सर."

पुन्हा दाबलं. "मिक्सर."

मल्लिनाथ हसला. "मी सांगत न्हवतो? उखळाच्या दुकानात मिक्सर कुटनं आला? चल, भाग्या." गिऱ्हाइकंही हसली.

टॅब बोलत होता. "नको. नको. नको."

आता काय सांगू! उन्हाळ्यापासून माझा उजवा खांदा कधी कधी वरच जात नव्हता. तसल्या दिवशी भाग्या यायच्या आधी, आतल्या खोलीचं दार लावून मी काय करत होते, ते माधुरीलाही ठाऊक नव्हतं.

मी आत गेले. दोन्ही हातांनी मिक्सर उचलून आणला, भांड्याला चटणी लागलेली तशीच, आणि काउंटरवर आदळला.

"मल्लिनाथ, पिशवी खाली ठेव."

मल्लिनाथनं पिशवी खाली ठेवली.

भाग्यानं आणखी एक चिमूट घेतली. आणि माझाच आवाज आला, "मीठ बरोबर."