मुठीचं माप

करी रोडच्या पुलाजवळ एक धारवाला बसायचा. संपाआधी तो गिरणीत फिटर होता, एवढंच मला ठाऊक. नाव कधी विचारलं नाही. मला जुन्या वस्तूंचा नाद. एकदा चोरबाजारातून आणलेला चाकू त्याच्याकडे नेला. महायुद्धाच्या काळात जर्मनीत नाझी पोरांच्या कमरेला असायचा, तसला. अशा चाकूंच्या नकला फार, म्हणून मनात धाकधूक होती.

त्याने आधी म्यान हुंगलं. मग डोळे मिटून पात्याच्या पाठीवरून नख फिरवलं. शेवटी मूठ धरली, तेव्हा त्याची करंगळी बाहेर राहिली.

"ओरिजनल आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"नकली करणारा गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाची मूठ करतो. ही पोराच्या हाताची आहे."

मी खूश झालो. त्याने चाकू फडक्याने पुसून परत दिला. धार लावू का, हे मात्र विचारलं नाही.

"खूश काय होता, साहेब? नकली असता, तर निदान कुठल्या पोराच्या कमरेला लटकला नसता."

घरी येऊन मी मूठ धरून पाहिली. माझीही करंगळी बाहेरच राहिली.