उंचावरची विळी

माझा खुबा मोडला तेव्हा मला पायाची काळजी नव्हती, बाजारातल्या जागेची होती. पनवेलच्या मासळी बाजारात ती जागा आधी सासूची, मग माझी. रिकामी राहिली की कुणीतरी आपली पाटी ठेवते, मग भांडत बसा.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर कधीच नाही. आम्ही कोळणी खाली बसूनच विळी पायाखाली दाबतो आणि मासळी कापतो. मला दुसरं काही येत नाही.

मुलगा म्हणाला, "आये, आता पुरे. घरी बस."

"घरी बसून तुझ्या बायकोच्या चुका काढू?"



त्या हॉस्पिटलाने वरच्या मजल्यावर नवा विभाग काढला होता. ऑपरेशन झालं पण घरी जाण्याइतकी ताकद नाही, अशांसाठी. मला तिथे हलवलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्यांना टाकायची सोय. पण तिथल्या नर्स लोळू देत नाहीत. चालवतात, जिना चढवतात, आपली आंघोळ आपल्यालाच करायला लावतात. मी शिव्या दिल्या. माझी नर्स आपटा गावची, ती म्हणाली, "आजी, शिव्या चालता चालता द्या. दम वाढेल."

घरी जाऊन काय करणार, हे तिनेच विचारलं. मी जागेचं सांगितलं. ती म्हणाली, "खाली बसता येत नाही ना? मग विळी वर आणू."

मुलाने टेबल आणलं, त्यावर विळी स्क्रूने घट्ट बसवली. मला उंच स्टूल दिलं. वॉर्डात मासळी चालत नाही म्हणून हातात दुधी दिला. मी सवयीने आधी खवलं काढावीत तसा तो खरवडला, मग डोकं उडवलं, शेपूट उडवलं, पोट फाडून आतलं सगळं बाहेर काढलं.

नर्स म्हणाली, "दुधीला आतडी असतात, हे आज कळलं."

"ताजा हाय. तुकड्या करून देऊ?"

सगळा वॉर्ड हसला. माझा पाय मात्र दुखला नाही. मग त्यांनी मला घरी सोडलं.

बाजारात माझ्या जागेवर माझीच जाऊ बसली होती. टेबल बघून म्हणाली, "आता आमच्या डोक्यावर बसणार काय गो?"

"बसणार. सरक."

ती सरकली. मी आजही तिथेच बसते, सगळ्यांपेक्षा हातभर उंच.