डाव्या कानातला ताशा

ताशेवाला वाजवायचा थांबला, काड्या कमरेला खोचून घाम पुसायला लागला, की त्या वेळी तुम्ही त्याच्याशी कधी हळू आवाजात बोलून पाहिलंय का?

मी पाहिलं नव्हतं. शाळेत असल्यापासून मी ढोल-ताशा पथकांच्या स्पर्धांमागे फिरलो. चिपळूणच्या आसपास स्पर्धा असेल तिथे एसटीने, नाहीतर टेम्पोत बसून जायचो. गर्दीत पुढे उभा राहून "वाढवा, वाढवा" म्हणून ओरडणाऱ्यांत मी असायचो. परीक्षक पोशाखाला गुण देत, वेळ पाळण्याला देत, सगळे ढोल एकदम पडण्याला देत. आवाजालाही देत. त्या गुणांसाठी पथकांनी वीसाचे चाळीस ढोल केले. मग ताशेवाल्याला स्वतःचा ताशा ऐकू येईना, म्हणून तो जास्त जोरात मारू लागला. ढोल कितीही असले तरी पथक ताशावर चालतं. त्याने तर्री, म्हणजे काड्यांची सलग तडतड, सोडली की सगळ्यांना कळतं, आता पुढचा हात, म्हणजे नवा ठेका, यायचा आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी "वाढवा" म्हणायचो.

आमच्या गावच्या पथकाचा ताशा चाचा वाजवायचे. मोहरमला स्वतःच्या मोहल्ल्यात आणि गणपतीत आमच्याकडे. ते रियाधला गेले आणि काही काळाने मीही गेलो, त्याच कंपनीत. ते जनरेटर ऑपरेटर, मी इलेक्ट्रिशियन. कॅम्पात आमची एकच खोली होती. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना. कामगारांची पत्रकं तिथे छापली जात आणि मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. म्हणून चाचा मला 'लीडर' म्हणायचे.

"लीडर, आज डाळीत मीठ नाही. काढ पत्रक."

"तुम्ही पहिली सही करणार का?"

"मी अंगठा देतो. अंगठ्यावर नाव नसतं."

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा विषारी वायूच्या भीतीने आम्ही खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारली. सायरन झाला की ओला टॉवेल घेऊन आतल्या बोळात बसायचं, असं ठरलेलं. पहिले चार-पाच दिवस भीती होती, पुढे नुसता थकवा उरला. झोप पुरत नव्हती आणि काम थांबत नव्हतं. प्रत्येक सायरनला मला चाचांना हलवून उठवावं लागे.

"तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"दिवसभर त्या खोलीत बसून बघ. मुडद्यासारखा झोपशील."

मला ते पटलं. जनरेटरच्या खोलीत दोन मशिनं दिवसभर चालायची. तिथे कानाला लावायला काही नव्हतं. मी आत गेलो की दहा मिनिटांत डोकं भणभणायचं.

मेसच्या भिंतीवर नोटीस लागली: सायरन ऐकू यावा म्हणून कोणी टेप मोठ्याने लावायची नाही. एरवी आम्ही शुक्रवारी दुपारी गावाकडच्या स्पर्धेची कॅसेट टू-इन-वनवर लावायचो आणि परीक्षकांना शिव्या घालत बसायचो. गेल्या गणपतीतली कॅसेट युद्धाच्या तोंडावर आली होती. गावचा एक जण सुट्टीवरून परतताना घेऊन आला, मी बत्ह्याच्या बाजारात जाऊन त्याच्याकडून आणली. माझ्या भावाने ती एका घराच्या गॅलरीत बसून भरली होती. त्याच्या मशीनला दोन बाजूंना दोन माइक होते. ताशे डावीकडे उभे होते, ढोल उजवीकडे. चाचांच्या जागी त्यांचा पुतण्या पहिल्यांदाच ताशावर होता. चाचांची सुट्टी पुढच्या गणपतीला येत होती. आपल्या जागेवर पोराने काय केलंय ते त्यांना ऐकायचं होतं. पुढच्या वर्षी स्वतः उभं राहायचं, हेही त्यांनी गावाला कळवून टाकलं होतं.

टेप मोठ्याने लावायची सोय नव्हती, म्हणून मी वॉकमनला हेडफोन लावला आणि त्यांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर वाजायला लागली. मी बोटांकडे बघत होतो. ती नुसता ढोलाचा ठोका देत होती. मग थांबली.

"यंदा ताशा ठेवला नाही?"

"आहे की. तुमचा पुतण्याच आहे."

"मग मेला गप्प का उभा आहे?"

मला वाटलं, टेपचा हेड घाण झाला. सेंटच्या बाटलीतला थेंब कापसावर घेऊन तो पुसला, कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. चाचांनी मान हलवली. "नाही. नुसते ढोल. पोराने नाक कापलं."

मग मी हेडफोन स्वतःच्या डोक्यावर घेतला. माझ्या डाव्या कानात ताशा तडतडत होता. पोराने चांगली तर्री सोडली होती, थोडी घाईची, पण स्वच्छ. उजवीकडे ढोल होते आणि त्यांच्यामागे ताशा अगदी लांबून येत होता.

"टेप ठीक आहे, चाचा," मी म्हणालो.

मग त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावरून काढला, उलटा फिरवला, डाव्याचा उजवा केला आणि घातला. बराच वेळ ऐकलं.

"आता ताशा आला," ते म्हणाले. "ढोल लांब गेले."

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ते नेहमी डावा खांदा भिंतीला लावून बसायचे. जेवताना मला उजवीकडे बसवायचे. उजव्या कुशीवर झोपायचे, म्हणजे चांगला कान उशीत.

"शिट्टी वाजते आत," ते म्हणाले. "मला वाटलं मळ आहे. दोन वर्षं तेल घालतोय."

मी लगेच म्हणालो, कंपनीला अर्ज करू. कानाला संरक्षण मागू, डॉक्टर मागू. चाचांनी माझा दंड धरला.

"ऐक. बहिऱ्याला इकडे कोण ठेवतो? घरी पाठवतील. आणि गावात कळलं तर ताशाही गेला. माझं नाव कुठे घालू नकोस."

"नाव नाही घालत."

"काही लिहूच नकोस, बाबा."

मी लिहिलं. वडील सांगायचे, पत्रकात तपशील हवा, नाहीतर ते नुसतं रडगाणं होतं. मी हिंदीत लिहिलं, म्हणजे कॅम्पात सगळ्यांना वाचता यावं. कार्बन लावून पाच प्रती काढल्या आणि पहाटे मेसच्या भिंतीवर त्या सायरनच्या नोटिशीशेजारी एक चिकटवली. नाव कोणाचंच नव्हतं. पण एक वाक्य होतं: 'तीन वर्षं या खोलीत बसलेल्या कामगाराला आज एका कानाने ऐकू येत नाही.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्या खोलीत दोनच माणसं पाळीने बसायची आणि दुसरा सहा महिन्यांपूर्वी आला होता.

मॅनेजर जनरेटरच्या खोलीत गेला नाही. तो मेसमध्ये आला. चाचा चहा पीत बसले होते, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बोलतो तेवढ्याच आवाजात त्याने त्यांचं नाव घेतलं. आजूबाजूचे सगळे वळले. चाचांनी चहात पाव बुडवला आणि खाल्ला. मॅनेजरने पुन्हा नाव घेतलं. मी समोरच होतो. मी डोळ्यांनी खूण केली तेव्हा चाचा उठले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"खलास," मॅनेजर म्हणाला, आणि निघून गेला.

युद्ध थांबलं, विमानं सुरू झाली, तसा चाचांच्या पासपोर्टवर कायमच्या एक्झिटचा शिक्का पडला. पुढच्याच आठवड्यात कंपनीने जनरेटरच्या खोलीत कानावर लावायचे दोन जोड टांगले. नवा माणूस ते लावून बसतो. पत्रकाचा उपयोग झाला, असं मला त्याच्याकडे बघून म्हणता आलं असतं. म्हणवलं नाही. ते कोणी लिहिलं हे मला शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. चाचांनीही नाही. निघताना बॅग उचलून ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." एवढंच.

दोन वर्षांनी मी परतलो. गावच्या स्पर्धेला आम्ही दोघे बरोबर गेलो. मी त्यांच्या उजवीकडे उभा राहिलो. मधल्या काळात चिपळूणच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की डाव्यात काही उरलं नाही आणि उजव्यातही बारीक आवाज येत नाहीत. जनरेटरने किती खाल्लं आणि ताशाने किती, हे त्यालाही सांगता आलं नाही. माझ्यासारख्यांच्या ओरडण्याने किती, ते मी विचारलं नाही.

पुतण्या सुरेख वाजवत होता. आमच्या मागून कोणीतरी ओरडलं, "वाढवा." चाचांनी मला ढोसलं.

"त्याच्या कानात कापूस आहे का, बघ."

नव्हता. पथक थांबल्यावर मी त्याला कापूस दिला. तो हसला. "दादा, हा घातला तर तर्री कशी ऐकू?"

चाचांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी पुतण्याच्या हातातून कापूस घेतला, दोन बोळे केले, त्याची मान धरली आणि लहान मुलाच्या नाकाला औषध घालावं तसे त्याच्या दोन्ही कानांत बसवले. पोरगा लाजला, पण मान सोडवून घेतली नाही. पुढच्या फेरीत त्याची तर्री जराही ढळली नाही. पथक दुसरं आलं. आवाजाचे गुण कमी पडले.

तुमच्या गावातही पथक असेल. सराव संपला की तिथल्या ताशेवाल्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि बोलतो तेवढ्याच आवाजात त्याचं नाव घ्या. तो वळला तर त्याच्या हातात कापूस द्या आणि तो कानात घालेपर्यंत त्याच्यासमोर थांबा. वळला नाही तर गावभर सांगत सुटू नका, कुठे लिहू नका. उजव्या बाजूने पुढे या, त्याला चहाला न्या आणि तिथून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.