कोऱ्या चहाचा रंग

मी आज हे लिहायला बसलो आहे तो सुनंदाताईंमुळे. त्या आमच्या तुडील गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका. त्यांची शाळा सातवीत सुटली. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, महाडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला.

महाडच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. मग आईकडे बघत ते म्हणाले, "मलेरिया उतरलाय. पण याचं रक्त फुटतंय. हिमोलिटिक ॲनिमिया."

आईला त्यातलं फक्त 'रक्त' कळलं. मलाही फार काही कळलं नव्हतं, म्हणून मागाहून समजलं ते इथेच सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी ठरावीक काळ जगतात. त्या वेळेआधीच, नव्या तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने फुटू लागल्या की त्याला हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो, त्यामुळे थोडं रक्त मलेरियातही कमी होतंच. माझं मात्र ताप उतरल्यावर जास्त फुटू लागलं होतं.

हे सुरू झालं ते शेतात भात पोटरीला आलं, लोंबी फुटायच्या बेतात होती तेव्हा. मला थंडी वाजून ताप आला. सुनंदाताईंनी बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन, शिवाय चौदा दिवस प्रायमाक्विन. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो. तो मुळापासून जावा म्हणून ही दुसरी गोळी. ताईंची पद्धत अशी, की पाकीट रुग्णाकडे द्यायचं नाही. रोज सकाळी स्वतः यायचं, समोर गोळी गिळायला लावायची आणि मगच पुढच्या घरी जायचं.

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता, पण कंबर दुखत होती आणि लघवी गडद झाली होती. मी कोणाला सांगितलं नाही. ताई आमच्याच आळीतल्या, माझ्या आईच्या बरोबरीच्या. त्यांच्याशी असलं काय बोलायचं?

चौथ्या सकाळी ओटीवर येता येता मला धाप लागली. ताई म्हणाल्या, "महेश, उजेडात ये रे." त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"लघवीला कसा रंग हाय?"

"उष्णतेमुळे जरा पिवळी होतेय."

"पिवळी का काळी? खरं बोल. मी काय तुला मुलगी दाखवायला आलेय, म्हणून लाजतोस?"

आई आतून हसली. मी खाली बघून म्हणालो, "कोऱ्या चहासारखी."

ताईंनी गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. मला ते पटेना. औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि घरात सगळ्यांना ऐकवत आलो होतो. मी म्हणालो, "ताई, चौदा दिवस पुरे करायलाच हवेत. आजची तरी द्या."

"कोर्स गेला सावित्रीच्या पाण्यात! आम्हाला ट्रेनिंगला सांगितलाय, ह्या गोळीवर लघवी काळी झाली की गोळी बंद आणि माणूस दवाखान्यात. शिकलेल्या माणसाला समजावायला दोन माणसं जास्त लागतात."

आईला ती कावीळ वाटत होती. कशेडीच्या बाजूला एक जण काविळीचा पाला देतो, तिकडे जाऊ म्हणाली. ताईंनी तिला तोडलं नाही. "जा गो, पण परतताना. आधी महाड." त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली आणि दासगावावरून महाडपर्यंत माझ्याशेजारी बसून आल्या. वाटेत वरचेवर पाणी प्यायला लावत होत्या.

हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन-तीन गोळ्या गेल्या असत्या तर किडनीपर्यंत गेलं असतं." फुटलेल्या पेशींतला रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो, फार झाला तर तिथेच अडकतो. सलाईन सुरू झालं. आईसमोरच त्यांनी विचारलं, "घरात पूर्वी कोणाला असं झालं होतं? मामाला, आजोबांना?"

"नाय," आई लगेच म्हणाली.

पहिल्या दिवशी रक्ताची एक पिशवी चढली, दुसऱ्या दिवशी दुसरी. कूम्ब्स टेस्ट झाली. शरीरच आपल्या पेशींवर उलटलं आहे का, हे त्यात बघतात. ती निगेटिव्ह आली. दर सकाळी लघवी काचेच्या बाटलीत धरून खिडकीच्या उजेडात बघायची, एवढंच काम होतं. समोरच्या खाटेवरचे काका विचारायचे, "आज किती दूध घातलं चहात?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आई खाटेपासून उठून डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली. बोलली मात्र इतकं हळू, की मला कान द्यावा लागला. तिच्या पाठचा भाऊ, बाळूमामा, पोलादपूरकडच्या तिच्या माहेरी हिवतापानंतर गेला होता. गोळ्या चालू होत्या. लघवी काळी झाली होती.

"मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"पोर खाटेवर असताना मेलेल्याचं नाव कसं घेऊ, साहेब?"

आमच्याकडे आजाऱ्याजवळ अभद्र बोलत नाहीत. आई तीन दिवस ते नाव तोंडात धरून बसली होती, माझ्या जिवासाठीच. मीही लघवीचा रंग असाच लपवला होता, त्यामुळे तिच्यावर रागावण्याचा मला हक्क नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर आईचं नाव लिहून त्यांनी तिथून एक रेघ मामाकडे नेली, एक माझ्याकडे. "जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य असतं. ते तांबड्या पेशींना सांभाळतं. ते कमी असेल तर काही औषधांनी पेशी फुटतात. हे आईकडून येतं, त्रास बहुतेक मुलग्यांना होतो." मग आईला म्हणाले, "हा तुमचा दोष नाही. पण सांगितलंत ते फार बरं झालं." रक्त नुकतंच फुटलेलं असताना ही तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून त्यांनी ती तीन महिन्यांनी करायला लावली.

आठव्या दिवशी मी घरी आलो.

हे वाचून कोणी भीतीने प्रायमाक्विन टाकून देऊ नये. ती बहुतेकांना सोसते आणि मलेरिया परतू नये म्हणून गरजेची असते. फक्त लघवीचा रंग रोज बघा. गडद झाली, धाप लागली, डोळे पिवळे झाले, तर पुढची गोळी घेण्याआधी दवाखाना गाठा. आणि घरातलं कोणी असं गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट आला. त्या संध्याकाळी मी सुनंदाताईंना पत्र लिहिलं. त्या चार घरं पलीकडे राहतात, पण समोर मला हे बोलता आलं नसतं.

सौ. सुनंदाताईंस सप्रेम नमस्कार,

रिपोर्ट आला. जी-सिक्स-पीडी कमीच आहे. कुठली औषधं चालत नाहीत त्याचं कार्ड डॉक्टरांनी दिलं आहे, ते खिशात ठेवतो. पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी तुमच्याकडे बोट पुढे करीन.

मधल्या काळात पोलादपूरला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीचा, ताईचा आठ महिन्यांचा मुलगाही तपासला. त्याच्यातही कमी आहे. डांबरगोळ्यांनीही अशा मुलांचं रक्त फुटू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. आईने त्याच्यासाठी शिवलेली झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालूनच ठेवली होती. तिने गोळ्या फेकल्या, सगळी झबली दोनदा धुऊन उन्हात घातली. नंतर पोलादपूरला जाऊन ताईच्या सासूबाईंना तिने बाळूमामाची सगळी हकिगत सांगितली. इतक्या वर्षांत तिला त्याच्याविषयी इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या सकाळी मी तुमच्याशी गोळीसाठी वाद घातला, त्याची माफी मागतो.

एक विनंती आहे. गावात यापुढे कोणाला ही गोळी द्याल आणि तो लघवीचा रंग सांगायला लाजेल, तर खुशाल माझं नाव घ्या. म्हणा, आपल्या महेशची कोऱ्या चहासारखी झाली होती, त्याने सांगितलं म्हणून तो वाचला.

तुमचा,
महेश