हरजीबांच्या टाक्याची भेग

तुमची-माझी ओळख नाही म्हणून सांगवतं आहे. ओळखीच्या एकाही माणसाजवळ मी हे बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. शेखरला, माझ्या मुलाला, आजही नाही.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पण माझी भिंत ओळंब्याला चुकली असं कुणी दाखवावं — असा ताठा होता माझा. तो आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आता मेलबर्नजवळ वेरिबीला शेखरकडे असतो. लॉकडाउन होता तेव्हाची गोष्ट. सून वरच्या खोलीत कामावर, शेखर गॅरेजमध्ये टेबल टाकून, आणि मी मधल्या खोलीत गप्प. अशात शेखरच्या ओळखीच्या एका मुलीचा फोन आला. सई तिचं नाव, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते. जिथे जिथे बॉम्बच्या चाचण्या झाल्या तिथे जवळ राहिलेल्या, राबलेल्या साध्या माणसांच्या आठवणी ती गोळा करत होती. या देशातल्या वाळवंटातही इंग्रजांनी बॉम्ब फोडले होते, आणि इथल्या मूळच्या म्हाताऱ्या माणसांशीही ती बोलली होती म्हणे. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही राजस्थानात होतात ना? मला बरं वाटलं — का खोटं बोलू? किती दिवसांनी कुणी मला काही विचारत होतं.

इस्त्रीचा शर्ट घालून झूमवर बसलो. ठेकेदाराबरोबर तिकडे कसा गेलो, आपल्या सरकारचा चाचणीचा बॉम्ब जमिनीखाली फुटला तेव्हा खाटेखालची जमीन कशी सरकली, बसलेले उंट कसे उठून उभे राहिले — सगळं रंगवून सांगितलं. नंतर ठेकेदारानं आम्हाला जवळच्या गावात घरांच्या भेगा बुजवायला लावलं, तेही सांगितलं.

आणि मग जे सांगायचं ते सांगितलं नाही.

तिकडे प्रत्येक अंगणात जमिनीखाली गोल टाकं असतं, चुन्यात बांधलेलं. पावसाचं जे काय पाणी मिळेल ते त्यात उतरवायचं आणि वर्षभर पुरवायचं. भाकरी नसली तर शेजारी देतो, टाकं गेलं तर घर उठतं. त्या गावातली बहुतेक टाकी हरजीबा नावाच्या म्हाताऱ्यानं बांधलेली. तेही गवंडीच. त्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या टाक्याला भेग गेली होती आणि ती माझ्या वाट्याला आली.

भेग जुनी की नवी, हे गवंड्याला विचारावं लागतं का? जुनीच्या आत धूळ असते, कोळ्याचं जाळं असतं, कडा झिजलेल्या असतात. नवीची कड नखाला लागते. ही आतून पांढरी होती — मोडलेल्या बत्ताशासारखी. स्फोटाची होती. टाक्यात उतरलो त्या दिवशीच मला कळलं होतं.

हरजीबा काठावर बसून म्हणाले, मिस्त्री, भेग खोदून उघडी कर, चुन्यानंच भर, मुरू दे. चुना सिमेंटला धरत नाही. मी हसलो. वरून म्हणालो, बाबा, जमाना बदलला, तुम्ही सावलीत बसा. आणि वरच्यावर सिमेंट ओढून मोकळा झालो.

टँकरनं पाणी भरलं. दोन दिवसांत तळ दिसला.

दुरुस्तीचं काम बघणारे सरकारी साहेब आले. सगळं गाव जमलेलं. त्यांनी मला विचारलं, काय झालं? माझं सिमेंट उकललेलं समोर दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं — माझं काम चुकलं, पुन्हा करतो. एवढंच. पण माझं काम? चुकलं? मी म्हणालो, भेग जुनीच आहे साहेब, बांधणाऱ्याचा चुनाच कच्चा होता.

जुनी असेल तर तिची दुरुस्ती सरकारकडे नाही, म्हणाले साहेब. आमचा ट्रक पुढच्या गावाला निघाला. हरजीबा नुसते माझ्याकडे बघत राहिले — गवंडी गवंड्याकडे बघतो तसे. त्यांना कळलं होतं की मला कळलं आहे.

सईनं झूमवर विचारलं, आजोबा, त्या गावातली टाकी फुटली ती स्फोटानंच ना? इतकी वर्षं गेली होती. कोण साहेब, कोण ठेकेदार? कुणाची भीती होती मला? तरी म्हणालो, नाही गं, जुन्याच भेगा होत्या.

ती म्हणाली, हो, केसरबाईही तेच म्हणतात.

केसर म्हणजे हरजीबांची सून. सईनं तिचं बोलणं फोनवरून टिपून ठेवलं होतं, ते मला ऐकवलं. म्हातारा, चिरका आवाज. मिस्त्री परमुलखातला होता, पण खरं बोलला, ती म्हणत होती. सासऱ्याचंच काम कच्चं निघालं. पुढे कुणी त्यांना टाकं बांधायला बोलावलं नाही. आम्ही बायका दुसऱ्याच्या अंगणात घागर घेऊन उभ्या राहायचो आणि घरी येऊन त्यांनाच बोलायचो. मरेपर्यंत एकच म्हणत होते — भेग पांढरी होती. आम्ही कुणी ऐकलं नाही.

सई म्हणाली, आजोबा, अजून काही सांगायचंय? मी म्हणालो, नाही.

नंतर म्हटलं, सांगू तिला, केसरला तरी कळू दे. आज, उद्या करत राहिलो. मग तिकडे दुसरी लाट आली, आणि सईचा मेसेज आला की केसरबाई गेल्या. त्या घरात आता जो कुणी असेल, त्याच्या लेखी हरजीबांचा चुना कच्चाच आहे. सईच्या रेकॉर्डिंगमध्येही तो कच्चाच. माझ्या आवाजात.

इथली जमीन चिकणमातीची, उन्हाळ्यात आकसते. परवा गॅरेजच्या दारावरच्या भिंतीला भेग दिसली. शेखर म्हणाला, अण्णा, बिल्डर म्हणतो ही जुनीच आहे, तुम्ही बघा ना. मी स्टुलावर चढलो. नख लावून बघितलं. कड नखाला लागली.

म्हणालो, डोळ्यांना नीट दिसत नाही रे आता.

नो वरीज अण्णा, म्हणाला, आणि मीटिंगला बसला.

मला दिसत होतं.